ब्राउझरमधलं क्रिप्टो वॉलेट किती सेफ? सारखे विचारले जाणारे प्रश्न

वॉलेट क्रोममध्ये टाकलंय, म्हणजे माझे कॉइन माझ्या लॅपटॉपवर आहेत का?

नाही. कॉइन ब्लॉकचेनवरच (असंख्य कॉम्प्युटरवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत) असतात, लॅपटॉपवर फक्त त्यांची किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा असतो. मेटामास्क (२०१६ पासून आहे, मुळात इथेरियम आणि त्याच्यासारख्या चेनसाठी, चेन म्हणजे ब्लॉकचेनच), सोलाना नावाच्या चेनवाल्यांचं फॅन्टम, ट्रस्ट वॉलेटचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम), ही सगळी मंडळी एकच काम करतात. किल्ली सांभाळतात आणि तुम्ही हो म्हणालात की तिनं सही करून व्यवहार नेटवर्कवर पाठवतात. लॅपटॉप फुटला तरी कॉइन जात नाहीत आणि लॅपटॉप ठणठणीत असूनही सगळे कॉइन जाऊ शकतात. सही झाली की झाली, मागे घ्यायला बँक नाही, मॅनेजर नाही, कुणी नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की खालची बरीचशी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

मग एक्स्चेंजवर ठेवलेलं बरं ना? तिथं निदान कस्टमर केअर तरी आहे.

एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर, किल्ली त्यांच्याकडे असते, तुमच्याकडे फक्त लॉगिन. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या मल्टिसिग (एकापेक्षा जास्त जणांच्या सह्या लागणाऱ्या) वॉलेटमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गेली आणि ज्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं अशा लोकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले, त्यात मुंबई-पुण्याचे किती जण असतील. म्हणून 'एक्स्चेंज सेफ, वॉलेट रिस्की' असं सरळ काही नाहीये. एक्स्चेंजवर दुसऱ्याच्या चुकीची रिस्क तुम्ही घेता, वॉलेटमध्ये स्वतःच्या चुकीची. माझं मत विचाराल तर रोज ट्रेडिंग करायचं तेवढंच एक्स्चेंजवर ठेवा, आणि वॉलेट तेव्हाच घ्या जेव्हा हे पूर्ण पान वाचायची तयारी असेल.

ते बारा शब्द म्हणजे नक्की काय? कुणी अंदाजानं ओळखू शकतं का?

वॉलेट बनवताना जे बारा (कधी चोवीस) इंग्रजी शब्द दाखवतात ती सीड फ्रेज, थोडक्यात सीड, तिच्यातूनच तुमची किल्ली बनते. शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात, ती यादी सगळ्यांना माहीत आहे, त्यात गुप्त काही नाही. गुप्त असतो तो फक्त तुमचा क्रम. बाराच्या बारा शब्द अंदाजानं काढणं आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या आवाक्याबाहेर आहे, ती काळजी सोडा.

पण अर्धवट माहिती बाहेर गेली की चित्र एकदम बदलतं. समजा अकरा शब्द क्रमानं कुणाला कळले आणि शेवटचा राहिला. वाटतं की २०४८ शक्यता उरल्या, पण शेवटच्या शब्दात एक तपासणीचा भाग असतो त्यामुळं प्रत्यक्षात चालणारे शब्द फक्त १२८ उरतात, म्हणजे कॉम्प्युटरला एक क्षणसुद्धा लागत नाही. त्यामुळं 'मी फोटो काढला पण एक शब्द बोटानं झाकला होता' किंवा 'व्हॉट्सॲपवर पाठवताना शेवटचा शब्द फोनवर सांगितला' याला काही अर्थ नाही.

लिहून कुठं ठेवू?

कागदावर, पेननं, दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. जास्त रक्कम असेल तर स्टीलच्या पट्टीवर कोरून, कारण कागदाला पावसाळ्यात ओल लागते, वाळवी लागते.

कुठं ठेवायचं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. स्क्रीनशॉट नको कारण तो गुगल फोटोज किंवा आयक्लाउडवर आपोआप चढतो. स्वतःलाच केलेला ईमेल नको, टेलिग्रामचे सेव्ह्ड मेसेजेस नको, नोट्स ॲप नको. पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावी का असं बरेच जण विचारतात आणि त्यावर मी ठामपणे नाही म्हणेन, बाकी पासवर्डसाठी खुशाल वापरा, पण २०२२ मध्ये लास्टपासचे बॅकअप चोरीला गेले आणि त्यानंतर ज्यांनी सीड तिथल्या नोट्समध्ये ठेवली होती अशा लोकांची वॉलेट्स रिकामी झाल्याची प्रकरणं पुढं येत राहिली. पासवर्ड बदलता येतो, सीड बदलता येत नाही, नवीन वॉलेट बनवून सगळं हलवावं लागतं.

अजून एक, एकच सीड चार वॉलेट ॲपमध्ये टाकत फिरू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलानावर हजारो वॉलेट्स रिकामी झाली, मूळ होतं स्लोप नावाच्या वॉलेटमध्ये, ते लोकांची सीड चक्क उघड्या स्वरूपात स्वतःच्या लॉग सर्व्हरवर पाठवत होतं. मार बसला तो फॅन्टमवाल्यांनाही, ज्यांनी कधीतरी तीच सीड स्लोपमध्ये टाकून बघितली होती. फॅन्टममध्ये काही खोट नव्हती. सीड जिथं जिथं टाकली त्यातल्या सगळ्यात कच्च्या जागेइतकीच ती पक्की.

एक्स्टेन्शन उघडताना पासवर्ड विचारतं, मग सीडची एवढी भीती कशाला?

कारण पासवर्ड फक्त त्या एका ब्राउझरपुरता आहे. तुमची किल्ली लॅपटॉपवर कुलूपबंद करून ठेवलेली असते, पासवर्ड ते कुलूप उघडतो, बस. सीड ज्याच्या हातात आहे त्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही, तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत तुमचं वॉलेट उभं करतो.

म्हणून पासवर्ड कसाही चालेल असं नाही हं. लॅपटॉपमध्ये रेडलाइन, लुम्मा अशा जातीचं चोरटं सॉफ्टवेअर शिरलं तर ते एक्स्टेन्शनचं फोल्डर जसंच्या तसं उचलून नेतं आणि मग तिकडं निवांत बसून पासवर्ड फोडतात, तिथं तीन चुकांनंतर लॉक वगैरे काही नसतं. 'शिवाजी१२३' किती वेळ टिकेल तुम्हीच सांगा. लांब ठेवा, दुसऱ्या कुठंही न वापरलेला ठेवा.

आणि लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवा, विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. जून २०२२ मध्ये हॅलबॉर्न या कंपनीनं दाखवून दिलं की काही ब्राउझर वॉलेट्समध्ये सीड टाइप करताना शब्द दिसावेत म्हणून 'दाखवा' केलं की ब्राउझर ते शब्द सेशन परत आणण्यासाठी डिस्कवर लिहून ठेवत होता. मेटामास्कनं १०.११.३ व्हर्जनमध्ये ते दुरुस्त केलं, पण ज्यांची डिस्क एन्क्रिप्टेड होती त्यांना त्या काळातही फार घाबरायचं कारण नव्हतं.

खरं एक्स्टेन्शन कसं ओळखायचं? सर्च केलं की चार-पाच येतात.

गुगलवर सर्च करून वरची लिंक उघडू नका, वर जाहिराती असतात आणि जाहिरात कुणीही देऊ शकतो. वॉलेटची अधिकृत साइट स्वतः टाइप करा आणि तिथून स्टोअरवर जा. स्टोअरमध्ये आहे म्हणजे खरं असंही नाही, एप्रिल २०२० मध्ये गुगलनं एका दमात ४९ एक्स्टेन्शन्स क्रोम स्टोअरवरून काढली होती, लेजर, ट्रेझर, मेटामास्क, मायइथरवॉलेट अशा खऱ्या वॉलेट्सच्या नावांची सोंगं घेतलेली. इन्स्टॉल किती झालेत, प्रकाशक कोण, कधीपासून आहे ते बघा. चांगले रिव्ह्यू मात्र विकत मिळतात, त्यावर जाऊ नका.

खरंच एक्स्टेन्शन आहे, सीड कागदावर आहे, तरी पैसे जाऊ शकतात का?

जाऊ शकतात, आणि हे लपवून काही फायदा नाही. ट्रस्ट वॉलेटचीच दोन उदाहरणं घ्या.

१४ ते २३ नोव्हेंबर २०२२ या दिवसांत त्यांच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये बनवलेली नवीन वॉलेट्स कच्ची निघाली. सीड बनवताना जो रँडम आकडा घ्यायचा तो इतक्या छोट्या जागेतून घेतला जात होता की सगळ्या मिळून साधारण ४३० कोटीच सीड शक्य होत्या. ४३० कोटी ऐकायला मोठं वाटतं, पण कॉम्प्युटर ते सगळं तपासून संपवतो. लेजर या वॉलेट कंपनीच्या डोंजॉन नावाच्या सुरक्षा टीमला हे सापडलं, तरीही सुमारे १ लाख ७० हजार डॉलर गेलेच. त्या दहा दिवसांत वॉलेट बनवलेल्यांनी काय वेगळं करायला हवं होतं? काहीच नाही.

दुसरं डिसेंबर २०२५ मधलं. क्रोम स्टोअरवर एक्स्टेन्शन चढवायची चावी लीक झाली आणि नाताळच्या आदल्या दिवशी २.६८ नंबरचं व्हर्जन आलं ज्यात चोरांचा कोड होता. अपडेट आपोआप झालं, लोकांनी नेहमीसारखं वॉलेट उघडलं आणि सीड बाहेर गेली. ७० ते ८५ लाख डॉलरच्या आसपास नुकसान, भरपाई देऊ असं कंपनीनं सांगितलं.

अशा वेळी वाचवते ती एकच गोष्ट, की मोठी रक्कम मुळात ब्राउझर वॉलेटमध्ये नव्हतीच. ब्राउझर वॉलेटमध्ये तेवढंच ठेवा जेवढं गेलं तर रात्रीची झोप उडणार नाही.

नुसतं 'कनेक्ट वॉलेट' दाबलं तर पैसे जातात का?

नाही. कनेक्ट केल्यावर साइटला तुमचा ॲड्रेस (खाते क्रमांकासारखा) आणि शिल्लक दिसते आणि ती तुम्हाला सहीसाठी पॉपअप पाठवू शकते. तरी वाटेल तिथं कनेक्ट करू नका, कारण एकदा शिल्लक दिसली की पुढचं जाळं त्याच मापाचं विणतात.

मग पैसे जातात कुठल्या बटणावर? मला हे कधीच नीट कळलं नाही.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जरा सावकाश वाचा.

इथेरियमवर यूएसडीटीसारखं (डॉलरच्या भावाला बांधलेलं) टोकन एखाद्या साइटवर स्वॅप करायचं, म्हणजे दुसऱ्या टोकनशी बदलायचं असेल तर आधी त्या साइटच्या कॉन्ट्रॅक्टला (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला) परवानगी द्यावी लागते की माझ्या खात्यातून एवढे टोकन तू उचलू शकतोस. याला अप्रूव्हल म्हणतात. बऱ्याच साइट सोय म्हणून एकदम अमर्याद परवानगी मागतात. पॉपअपमध्ये स्पेंडिंग कॅपच्या जागी कधी 'अनलिमिटेड' लिहिलेलं येतं, कधी ११५७९२०८९२ पासून सुरू होणारा ७८ अंकी आकडा येतो, तो आकडा म्हणजे कॉन्ट्रॅक्टला सांगता येणारी सगळ्यात मोठी रक्कम. लोक आकडा वाचत नाहीत, खाली निळं बटण असतं ते दाबतात. हे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून समोरच्याच्या हातात देणं. आज खात्यात १० डॉलर असतील म्हणून त्यानं काही केलं नाही, सहा महिन्यांनी तुम्ही २ हजार डॉलर आणलेत की तो चेक वटतो, तेव्हा तुमचा लॅपटॉप बंद असला, वॉलेट लॉक असलं, तरी वटतो.

त्या पॉपअपमध्ये कॅपचा आकडा एडिट करता येतो. १०० यूएसडीटी स्वॅप करायचेत तर १०० लिहा. पुढच्या वेळी परत थोडी गॅस फी (व्यवहारासाठी नेटवर्कला द्यायची फी) जाईल, जाऊ दे.

याहून वाईट म्हणजे परमिट. यात अप्रूव्हल व्यवहारानं न देता नुसत्या सहीनं दिली जाते. गॅस लागत नाही, त्यामुळं माणसाला वाटतं 'फुकट सही आहे, लॉगिनसाठी असेल'. पॉपअपवर सिग्नेचर रिक्वेस्ट लिहिलेलं असतं आणि खाली स्पेंडर, व्हॅल्यू, डेडलाइन असे शब्द. हे तीन शब्द दिसले की समजा हे लॉगिन नाही, पैशांची परवानगी आहे. चोर ती सही खिशात ठेवतो आणि सोयीनं वापरतो, तोवर तुमच्या व्यवहारांच्या यादीत काहीही दिसत नाही. एनएफटीवाल्यांसाठी (डिजिटल चित्रं वगैरे जमवणाऱ्यांसाठी) 'सेट अप्रूव्हल फॉर ऑल' हे नाव लक्षात ठेवा, एका सहीत त्या कलेक्शनमधलं सगळं जातं.

पॉपअप समजला नाही तर रिजेक्ट करा. रिजेक्टला पैसे पडत नाहीत.

मी फक्त मोठ्या, ओळखीच्या साइट वापरतो. मला काय होणार?

डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो साइटची हीच गोष्ट झाली. साइट खरी, पत्ता खरा, कॉन्ट्रॅक्टचा कोडही व्यवस्थित. चोरांनी क्लाउडफ्लेअर या सेवेची (साइटची पानं हिच्यामार्फत लोकांपर्यंत जातात) एक एपीआय की, म्हणजे प्रोग्रामसाठीची चावी, मिळवून साइटच्या पानात आपली स्क्रिप्ट घुसवली, तीही सतत चालू न ठेवता नोव्हेंबरपासून अधूनमधून, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. लोक नेहमीचं बटण दाबत होते आणि जास्तीची एक अप्रूव्हल देऊन बसत होते. मग एका दिवशी सगळं एकदम उचललं, १२ कोटी डॉलरच्या घरात.

१४ डिसेंबर २०२३ ला लेजरच्या कनेक्ट किटचं तसंच झालं, हा कोड कितीतरी वेगवेगळ्या साइट 'कनेक्ट' बटणासाठी वापरतात, कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याचं खातं फिशिंगनं (खोट्या मेसेजनं फसवून) घेतलं आणि त्यातून विषारी व्हर्जन चढवलं. काही तासांत दुरुस्त झालं, तोवर ६ लाख डॉलरच्या आसपास गेले.

आणि २४ एप्रिल २०१८ चं मायइथरवॉलेट प्रकरण. ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेकडे (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरचं ते सांगणारी सेवा) जाणारा ट्रॅफिक दोन तास वळवला गेला, पत्ता बरोबर टाइप करूनही लोक खोट्या सर्व्हरवर पोचत होते. ब्राउझर लाल इशारा देत होता की सर्टिफिकेट बरोबर नाही. ज्यांनी 'तरीही पुढे जा' केलं त्यांचे गेले. तो इशारा आला की टॅब बंद करायचा, त्यात दुसरा विचार नाही.

हार्डवेअर वॉलेट घेतलं की सुटलो ना?

बऱ्याच अंशी हो. लेजर किंवा ट्रेझर (किल्ली आत ठेवणारं हातात मावणारं डिव्हाइस) मेटामास्कला जोडलं की किल्ली त्या डिव्हाइसमधून बाहेरच येत नाही, लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी किल्ली चोरता येत नाही. साठवून ठेवायची रक्कम असेल तर हे घ्याच, थेट कंपनीकडून घ्या, सेकंडहँड नको, आणि डब्यात आधीच सीड लिहिलेलं कार्ड आलं तर ते डिव्हाइस वापरू नका.

पण चुकीची सही डिव्हाइसवरही होते. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, एफबीआयनं उत्तर कोरियाचं नाव घेतलं. चोरांनी बायबिट वापरत असलेल्या 'सेफ' नावाच्या मल्टिसिग वॉलेटच्या डेव्हलपरच्या मशीनमधून वेब पानाचा कोड बदलला होता, सह्या करणाऱ्यांना स्क्रीनवर नेहमीचाच व्यवहार दिसत होता आणि हातातल्या डिव्हाइसवर न समजणारा डेटा. त्यांनी स्क्रीनवर विश्वास ठेवला. म्हणून डिव्हाइसच्या छोट्या स्क्रीनवर काय लिहिलंय तेच खरं मानायचं, आणि तिथं काही कळत नसेल तर मोठ्या रकमेची सही करायची नाही.

ॲड्रेस कॉपी-पेस्टच करतो, त्यात काय चूक होणार?

दोन गोष्टी. एक म्हणजे क्लिपबोर्ड बदलणारं मालवेअर, तुम्ही कॉपी करता एक आणि पेस्ट होतो दुसराच. दुसरं जास्त चलाख आहे, चोर तुमच्या नेहमीच्या ॲड्रेससारखा दिसणारा, पहिली-शेवटची अक्षरं जुळणारा ॲड्रेस बनवतो आणि त्यावरून तुम्हाला शून्य किंवा चिल्लर पाठवतो, म्हणजे तो तुमच्या हिस्टरीत येऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही हिस्टरीतून कॉपी करता. मे २०२४ मध्ये एकानं असंच ११५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनचं इथेरियमवर चालणारं रूप), म्हणजे जवळजवळ ६.८ कोटी डॉलर, चुकीच्या ॲड्रेसवर पाठवले. नंतर परत मिळाले, पण ते नशीब. हिस्टरीतून कॉपी करू नका, वॉलेटच्या ॲड्रेस बुकमध्ये सेव्ह करा आणि मधली अक्षरंही बघा.

वॉलेटमध्ये अचानक फुकटचं टोकन आलंय, किंमत ४० हजार दाखवतंय!

हात लावू नका. विकायला जाल तर ते एका साइटवर नेईल आणि ती साइट अप्रूव्हल मागेल. हाइड करा, विसरा.

घरातला एकच कॉम्प्युटर आहे, मुलंही वापरतात.

मग त्यावर वॉलेट नको, किंवा फक्त हार्डवेअर वॉलेट जोडून. क्रॅक केलेले गेम, फुकटचं फोटोशॉप, एक्सेलची ॲक्टिव्हेशन किट, चोरट्या सॉफ्टवेअरचा हा राजमार्ग आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर, सायबर कॅफेत तर नाहीच नाही. स्वतःचा लॅपटॉप असेल तर क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल बनवा, त्यात वॉलेट सोडून एकही एक्स्टेन्शन नको. कूपन शोधणारं, स्क्रीनशॉट काढणारं साधं एक्स्टेन्शनसुद्धा 'सगळ्या साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी घेऊन बसतं, आज ते सज्जन असलं तरी उद्या मालक बदलतो किंवा डेव्हलपरचं खातं हॅक होतं. प्रोफाइल वेगळं केलं तरी कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं मालवेअर थांबत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

टेलिग्राम ग्रुपवर प्रॉब्लेम टाकला, लगेच ॲडमिनचा पर्सनल मेसेज आला. मराठीतच बोलतोय, चांगला वाटतोय.

तो चोर आहे. खरा ॲडमिन आधी मेसेज करत नाही, कुठलीही वॉलेट कंपनी फोन करत नाही, एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचा कॉम्प्युटर लांबून चालवू देणारं ॲप) टाकायला सांगत नाही, 'वॉलेट सिंक', 'व्हॅलिडेट', 'केवायसी अपडेट' या नावाखाली सीड मागत नाही. ब्लॉक करा. मराठीत गोड बोलतो म्हणून सीड देणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक आहेत, कारण त्या वेळी माणूस घाबरलेला असतो आणि मदत करणारा कुणीतरी हवा असतो.

चुकीची सही झाली! आत्ता काय करू?

आधी बघा काय गेलंय. एकच टोकन गेलं आणि इथर (इथेरियमचं मूळ कॉइन) जागेवर आहे, तर बहुतेक अप्रूव्हल किंवा परमिटमधून गेलंय. रिव्होक डॉट कॅश किंवा इथरस्कॅनच्या टोकन अप्रूव्हल पानावर जाऊन (पत्ता स्वतः टाइप करून, घाईत जाहिरातीवर क्लिक करून नाही) ती परवानगी रद्द करा, थोडी गॅस फी लागते. वॉलेटमधून 'डिस्कनेक्ट' केल्यानं परवानगी रद्द होत नाही, यात खूप जण फसतात.

इथरसकट सगळं गेलं, वेगवेगळ्या चेनवरचंही गेलं, तर सीड गेली असं समजा. मग रिव्होक करत बसू नका. दुसऱ्या, स्वच्छ डिव्हाइसवर नवीन सीडचं नवीन वॉलेट बनवा आणि उरलंसुरलं तिकडं हलवा. जुन्या वॉलेटमध्ये गॅससाठी पैसे टाकाल तर तिथं बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) बसलेला असतो, तो काही सेकंदांत तेही उचलतो.

लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), चोराचा ॲड्रेस, साइटचा पत्ता, स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चोरानं पैसे एखाद्या एक्स्चेंजवर नेले तर तिथं गोठवता येण्याची शक्यता असते, आणि ती पहिल्या काही तासांतच असते. 'आम्ही क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारे दुसऱ्या दिवशीच गाठतील, त्यांना एक पैसाही देऊ नका.

सगळं मलाच माहीत आहे. उद्या मला काही झालं तर घरच्यांना कसं मिळणार?

हे फार कमी लोक विचारतात, म्हणून विचारल्याबद्दल बरं वाटलं. नॉमिनी नावाचा प्रकार इथं नाही, सीड सापडली नाही तर ती रक्कम कायमची गेली. सीडची एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये सीलबंद पाकिटात ठेवा. वेगळ्या कागदावर मराठीत साध्या शब्दांत लिहा की कुठलं वॉलेट आहे, कुठल्या चेनवर काय आहे, हार्डवेअर वॉलेट असेल तर ते आणि त्याचा पिन कुठं आहे, आणि सीडचे शब्द कुठल्याही वेबसाइटवर किंवा कुणाच्या मदतीनं टाकायचे नाहीत. तो कागद लॉकरमध्ये ठेवायची गरज नाही, घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये चालेल, कारण त्यात सीड नाहीये. मग एकदा बायकोला किंवा नवऱ्याला, भावाला, ज्याच्यावर भरवसा आहे त्याला शेजारी बसवून थोड्याशा रकमेचं एक वेगळं वॉलेट सीडवरून परत उभं करून दाखवा, त्यांच्या हातानं.